जुना जॉयस्टिक, नवा लॅपटॉप

धाराशिवच्या एखाद्या घरात नवा लॅपटॉप येतो तो बहुधा मुलांच्या अभ्यासासाठी. पण थोड्याच दिवसांत त्यावर ‘क्रिकेट 07’ही येऊन बसतो. ईए स्पोर्ट्सने हा गेम 2006च्या अखेरीस बाजारात आणला. त्यानंतर कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा गेम काढला नाही, तरी आपल्याकडची मुले त्यात नवे संघ आणि नव्या जर्सी भरून तो आजही खेळतात. मग माळ्यावरचा जुना गेमपॅड खाली उतरतो, धूळ झटकून यूएसबीत लावला जातो आणि पडद्यावरचा फलंदाज ढिम्म हलत नाही. ‘गेला हा, टाकून दे’ असा निकाल लगेच लागतो. बहुतेक वेळा तो घाईचा असतो.

गेमपॅड जिवंत आहे की नाही, हे विंडोज स्वतःच सांगते. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायचे आणि उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत जे, ओ, वाय, टिंब, सी, पी, एल एवढेच टाइप करायचे. जोडलेल्या गेमपॅडचे नाव यादीत दिसते. तिथून चाचणीच्या पानावर गेले की एकेक बटण दाबून पाहता येते. बटण दाबले की त्याचा लाल दिवा उजळतो, दांडी फिरवली की चौकटीतली छोटी फुली सरकते. इथे सगळे दिवे लागले, तर गेमपॅड ठणठणीत आहे. दोष दुसरीकडे शोधायचा.

स्वस्त गेमपॅडवर मधोमध ‘अॅनालॉग’ लिहिलेले एक बटण असते. त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि निम्म्या तक्रारी तिथेच सुटण्यासारख्या असतात. त्याचा दिवा बंद असेल तर दिशांच्या चार बटणांनाच गेमपॅड दांडी म्हणून दाखवतो. दिवा लागला की दांड्या वेगळ्या आणि ती चार बटणे वेगळी होतात.

दिवे लागतात, तरी नवा गेम दाद देत नाही, याचे कारण 2005 साली घडले. तोवर विंडोजवरचे गेम ‘डायरेक्टइनपुट’ या पद्धतीने गेमपॅड वाचत. त्यात किती बटणे, कितवे कुठे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 या गेमयंत्रासोबत ‘एक्सइनपुट’ आणले आणि बटणांची जागा व नावे पक्की केली. त्यानंतरचे पुष्कळ गेम फक्त हीच पद्धत ओळखतात. उपाय सोपा आहे. ‘एक्स 360 सीई’ हा मोफत प्रोग्राम जुन्या गेमपॅडला एक्सबॉक्सचा गेमपॅड म्हणून पुढे करतो. ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातून खेळणाऱ्यांना त्याचीही गरज नाही, ती सोय स्टीममध्येच आहे. गेमपॅडच्या जुन्या सीडीतला ड्रायव्हर मात्र विंडोज 11वर बहुधा चढत नाही, कारण ही विंडोज 64 बिटचीच मिळते आणि तिला स्वाक्षरी केलेलेच ड्रायव्हर चालतात. त्याने नुकसान होते ते एवढेच, की गेमपॅड हातात थरथरत नाही. बटणे आणि दांड्या ड्रायव्हरविना चालतात.

यूएसबीच्या आधीचा जॉयस्टिक निघाला तर मामला खरा रंगतो. त्याला दोन ओळींत 15 पिनांचा रुंद प्लग असतो. हे ‘गेमपोर्ट’ आयबीएमने 1981 साली आपल्या पहिल्या पीसीबरोबर आणले, पुढे ते साउंड कार्डावर आले. या जॉयस्टिकमध्ये चिप नसली तरी चालते. रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असते तसली फिरती रोधके दांडीखाली बसवलेली असतात. दांडी कलली की रोध बदलतो. संगणकातला एक छोटा कपॅसिटर त्या रोधातून भरतो आणि तो भरायला किती वेळ लागला, हे प्रोसेसर मोजत बसतो. वेळ जास्त, म्हणजे दांडी अमुक बाजूला. फार देखणी युक्ती आहे ही, पण प्रोसेसर वेगवान झाला की मोजणी बदलायची. म्हणून जुन्या गेमच्या सुरुवातीला ‘दांडी वर डावीकडे न्या, आता खाली उजवीकडे’ अशी कवायत असे.

1996 साली यूएसबी आले. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आता मोजणी जॉयस्टिकच्या आतच होऊ लागली आणि संगणकाला तयार आकडा मिळू लागला. विंडोज व्हिस्टाने गेमपोर्टची साथ सोडली. साध्या जॉयस्टिकसाठी गेमपोर्ट ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, मात्र आत स्वतःची डिजिटल भाषा असलेल्या महागड्या जॉयस्टिकना तो चालत नाही.

सर्वांत जिव्हाळ्याचा नग म्हणजे टीव्हीला जोडायच्या, पिवळ्या कॅसेटच्या व्हिडिओ गेमचा ‘रिमोट’. हे गेम निन्टेन्डोच्या 1983च्या फॅमिकॉमची नक्कल होते. रिमोटला बहुधा 9 पिनांचा प्लग असतो. जुन्या संगणकाच्या सीरियल पोर्टमध्ये तो नेमका बसतो, आणि तिथे तो मुळीच लावू नये. त्या पोर्टवर उणे-अधिक 12 व्होल्टपर्यंत दाब असतो, रिमोटची चिप 5 व्होल्टची.

या रिमोटचे काम शाळेतल्या हजेरीसारखे चालते. गेम एका तारेवरून इशारा देतो, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती गोठते. मग दुसऱ्या तारेवर एकेक ठोका पडतो आणि तिसरीवरून ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या क्रमाने उत्तर येते. सेकंदाला 50-60 वेळा. ही हजेरी घेऊन यूएसबीवर पाठवणे ‘आर्डुइनो प्रो मायक्रो’ या काडेपेटीहून लहान बोर्डाला सहज जमते, कारण त्याची चिप संगणकाला थेट गेमपॅड म्हणून ओळख देऊ शकते. पाच तारा, पाच डाग आणि छोटासा प्रोग्राम. अडचण एवढीच की नकली गेममध्ये तारांचे रंग आणि पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. रिमोट उघडून, चिपपासून पिनेपर्यंत मल्टिमीटरची टोके लावून कोणती तार कुठे जाते ते आधी कागदावर उतरवावे लागते. धाराशिव किंवा तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना एखाद्या सुट्टीत करायला यापेक्षा चांगला प्रयोग सापडणे कठीण. पाठ्यपुस्तकातले शिफ्ट रजिस्टर, म्हणजे अशी एकेक करून हजेरी देणारी चिप, इथे बोटाखाली सापडते.

बिघाड खरोखरच असेल, तरी तो टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या हातचा असतो. बटण दोनदा दाबल्यावर एकदा लागते, याचा अर्थ आतल्या रबराची काळी टिकली मळली किंवा झिजली. टीव्हीच्या रिमोटमध्ये तेच रबर असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा रबरावर आणि खालच्या पट्ट्यांवर फिरवून नीट वाळू द्यायचे. वायर जिथे गेमपॅडमध्ये शिरते, तिथेच ती आतून तुटते. तेवढा तुकडा कापून लाल, पांढरी, हिरवी, काळी या चार तारा पुन्हा आपापल्या जागी डाग देऊन जोडायच्या. लाल 5 व्होल्टची, काळी अर्थची, मधल्या दोन माहितीच्या. मधल्या दोन उलट लागल्या तर गेमपॅड ओळखला जात नाही. लाल-काळीची मात्र अदलाबदल होऊ देऊ नये, त्यात चिपच जळू शकते. म्हणून कापण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा.