वादक-रचनाकार : पियानो आणि पेटी

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय स्वच्छंदतावादी संगीतात वादक-रचनाकारांचा एक स्वतंत्र वर्ग उदयास आला. पोलंडमध्ये जन्मलेला शोपँ (१८१०–१८४९) आणि हंगेरीचा लिस्ट (१८११–१८८६) हे त्याचे अग्रणी होत. पियानोसाठी रचना करावी आणि ती स्वतःच वाजवून दाखवावी, हा त्यांचा क्रम होता. लिस्टने मोठी सभागृहे गाजवली. शोपँ छोट्या दिवाणखान्यात अधिक रमे.

पियानोची पट्टी दाबताच आतील हातोडी तारेवर आघात करते. बोटाच्या जोरानुसार नाद लहानमोठा होतो. परंतु उमटल्या क्षणापासून तो विरू लागतो, आणि मींड तर त्या वाद्यास अशक्यच. अशा वाद्यातून गळ्याचा भास कसा निर्माण करावा, हा शोपँपुढील प्रश्न होता. इटालियन संगीतनाटकांतील गायन त्याने आदर्श मानले. त्याच्या 'नॉक्टर्न' रचनांत उजवा हात जणू गातो, डावा साथ करतो.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पेटीवादकांपुढे उभा राहिला. पेटीचा स्वर भात्याच्या हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पत्तीतून निघतो. तो विरत नाही. परंतु बोटाच्या जोराने लहानमोठाही होत नाही, ते काम भाता करतो. मींड येथेही नाही. पेटीवरील असल्या आक्षेपांची परिणती १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेल्या बंदीत झाली; ती पुढे सैल झाली. अशा वाद्यावर कोल्हापूरकडील गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवली. भास्करबुवा बखले यांच्या गायनाचा संस्कार त्यांच्या बोटांवर होता. रचनाकार या नात्याने मात्र त्यांचे नाव झाले ते गळ्यासाठी केलेल्या चालींमुळे. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) नाटकातील पदांच्या चाली त्यांच्याच. भामिनीची पदे बालगंधर्वांच्या कंठातून महाराष्ट्रभर पोचली.

येथे दोन परंपरांतील भेद स्पष्ट होतो. शोपँची रचना स्वरलिपीत छापली गेली, म्हणून ती आजही कोणास वाजवता येते. पेटीवर राग त्या त्या वेळी विस्तारला जाई. तो लिहून छापण्याची रीत नव्हती. यावरून लिखित परंपरा श्रेष्ठ ठरते काय? तसे म्हणता येत नाही. डावा हात लय सांभाळत असता उजव्याने किंचित रेंगाळावे, ही शोपँच्या वादनातील खुबी स्वरलिपीत मावली नाही. ती कळते ती त्याचा शिष्य मिकुली याच्यासारख्यांच्या सांगण्यावरून. लेखनात शब्द टिकतो, पण उच्चारातील हेल निसटतो. स्वरलिपीचेही तसेच आहे. हेल टिकवण्यास दोन्हीकडे गुरुमुखच लागते. जेथे छापील पान नाही, तेथे शिष्य नसला तर केवळ हेलच नव्हे, तर शब्दही जातो.