अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी : दोन गाड्यांचा हिशेब



"अ‍ॅम्बॅसडर चांगली की फियाट?" हा वाद एके काळी चहाच्या टपरीवर हमखास रंगे. एक म्हणे, इंजिन मोठे ती गाडी मोठी. दुसरा म्हणे, चपळ ती गाडी खरी. आज वाद न घालता आपण आकड्यांनाच विचारू या.

दोघींचे माहेर परदेशी. अ‍ॅम्बॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली. पश्चिम बंगालात उत्तरपाडा येथे ती २०१४ पर्यंत तयार होत होती. दुसरी मूळची इटलीची फियाट ११००. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बने. १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले.

आता इंजिन पाहा. १९५९ पासून अनेक वर्षे अ‍ॅम्बॅसडरला १४८९ सी.सी.चे इंजिन होते. शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती. पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, शक्ती सुमारे ४०. म्हणजे पहिली सरस? जरा थांबा. बैलांची ताकद सांगताना गाडीत माल किती, हेही सांगावे लागतेच ना?

ढोबळ मानाने अ‍ॅम्बॅसडरचे वजन ११०० किलो, पद्मिनीचे ९००. भागाकार करा. एका अश्वशक्तीच्या वाट्याला पहिलीत २२ किलो येतात, दुसरीत साडेबावीस. रिकाम्या गाड्या जवळजवळ बरोबरीच्या!

आता दोन्हींत माणसे आणि सामान मिळून ४०० किलो भरा. पहिलीत हा वाटा ३० किलो होतो, दुसरीत साडेबत्तीस. भरल्या गाडीने चढ चढताना हा फरक जाणवतो. शिवाय अ‍ॅम्बॅसडरची चाके १५ इंची, पद्मिनीची १४ इंची. खडबडीत रस्त्याने वऱ्हाड न्यायला अ‍ॅम्बॅसडर का पसंत पडे, ते आता कळेल.

मग पद्मिनी हरली का? छे! ती फूटभर आखूड, रुंदीलाही कमी. गर्दीतून वाट काढायला सोपी. इंजिन लहान, अंगचे वजन कमी, म्हणून पेट्रोलही कमी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिलाच आपली म्हटले. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. ट्रॅक्टर किंवा पाण्याचा पंप घ्यायला गेलो, की विकणारा एकच मोठा आकडा पुढे करतो. त्या वेळी आपण विचारावे : ओझे किती, काम कोणते आणि रोजचा खर्च किती? एवढे विचारले, की कष्टाचा पैसा वाया जात नाही.