पंच नसलेला खेळ, फाटक असलेला क्लब

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो हिरवागार गालिचा, पांढरी टोपी घातलेले सुखवस्तू गृहस्थ आणि त्यांच्या मागून पिशवी वाहत चालणारा पोरगा. ‘साहेबांचा खेळ’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. दूरचित्रवाणीवर टायगर वुड्स दिसू लागल्यापासून या चित्रात पैशाच्या झगमगाटाची भर पडली, इतकेच. पण कोणताही खेळ त्याच्या जगज्जेत्यांवरून पुरता कळत नाही. मुंबईचे क्रिकेट समजून घ्यायचे तर वानखेडेच्या आधी पावसाळ्यात चिखल तुडवत चालणारी कांगा लीग पाहावी लागते. तसेच गोल्फ समजून घ्यायचा तर स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या क्लबाचा वर्षभराचा हंगाम पाहावा.

एकट्या स्कॉटलंडमध्ये पाचशेहून अधिक गोल्फची मैदाने आहेत. देशाची लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख. म्हणजे आपल्याकडे गावोगावी तालीम असावी तशी तिकडे गोल्फची जागा. तिथे खेळणाऱ्यांत डॉक्टर-वकील असतात, तसे शाळामास्तर, सुतार, खाटीक आणि निवृत्त पोस्टमनही असतात. यांतला कुणीही टीव्हीवर दिसणार नाही. पण शनिवारची सकाळ उजाडली की प्रत्येकजण अगदी जिवाच्या आकांताने खेळत असतो.

कॅप्टन, मेडल आणि फलक

थंडी ओसरली की हंगाम सुरू होतो. त्याचा नारळ फुटतो तो नव्या कॅप्टनच्या पहिल्या फटक्याने. वर्षासाठी निवडलेला कॅप्टन सगळ्यांच्या देखत चेंडू मारतो. तो कुठवर जाईल यावर सभासद पैज लावतात आणि जमलेली रक्कम सहसा एखाद्या धर्मादाय कामाला जाते. फटका चुकला तर कॅप्टनची वर्षभर चेष्टा होते, ही गोष्ट वेगळी.

या कॅप्टनपदाची कुळकथा मोठी रंजक आहे. १७४४ साली एडिंबरो नगरपालिकेने लीथच्या मैदानावरील स्पर्धेसाठी चांदीची गोल्फची काठी बक्षीस म्हणून ठेवली. स्पर्धा म्हटली की नियम आले; म्हणून तिथल्या मंडळींनी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे हेच सर्वांत जुने उपलब्ध लेखी नियम. जो जिंकेल तो कॅप्टन, आणि वाद झाल्यास निवाडा त्याने करायचा. पहिला विजेता जॉन रॅट्रे हा पेशाने शल्यवैद्य. पुढच्याच वर्षी तो स्टुअर्ट घराण्याच्या बंडात सामील झाला आणि १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला. त्याचा गळा फासातून सुटला तो त्याच्याबरोबर गोल्फ खेळणारे न्यायाधीश डंकन फोर्ब्झ यांनी रदबदली केल्यामुळे, असे सांगतात. राजकारणात दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते!

तर, कॅप्टनच्या फटक्यानंतर क्लबाच्या फलकावर तक्ते लागू लागतात. दर महिन्याला एक ‘मेडल’. म्हणजे अठरा होल पूर्ण करायला किती फटके लागले याची सरळ मोजदाद. होल म्हणजे गोट्या खेळताना आपण जमिनीत करतो त्या गलीचाच सुखवस्तू भाऊ. चांगल्या खेळाडूला साधारण सत्तर ते बहात्तर फटके पुरावेत अशी मैदानाची आखणी असते. त्याशिवाय उन्हाळाभर बाद पद्धतीचे सामने चालू राहतात, मध्येच ‘कॅप्टन्स डे’ येतो, पुढे क्लबाचे अजिंक्यपद ठरते. शरद ऋतूत बक्षीस समारंभ होऊन विजेत्यांची नावे लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत रंगवली जातात. आजोबांचे नाव वर आणि नातवाचे खाली, असे फलक अनेक क्लबांत दिसतात.

कच्च्या लिंबाचे गणित

आता प्रश्न असा की, गावच्या क्लबात एकजण पंचाहत्तर फटक्यांत मैदान संपवतो आणि दुसऱ्याला पंच्याण्णव लागतात. मग स्पर्धेत रंग कसा भरणार? बुद्धिबळात किंवा कुस्तीत असे दोघे समोरासमोर आले तर निकाल आधीच लागलेला असतो. लहानपणी आपण यावर एक तोडगा काढला होता. धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचे, पण ‘कच्चा लिंबू’ म्हणून. तो बाद झाला तरी बाद नाही. मात्र त्यात एक अपमान दडलेला होता: कच्चा लिंबू जिंकलाच तर तोही धरला जात नसे.

गोल्फने या कच्च्या लिंबाला पक्के केले. ही युक्ती म्हणजे हँडिकॅप. समजा, एकाचा हँडिकॅप चार आणि दुसऱ्याचा अठरा. शनिवारी पहिल्याला एकोणऐंशी फटके लागले आणि दुसऱ्याला ब्याण्णव. वजाबाकी करा. पहिल्याचे पंचाहत्तर, दुसऱ्याचे चौऱ्याहत्तर. दुसरा जिंकला! आणि हा विजय दयेचा नाही, पुरता अधिकृत आहे. आपल्या नेहमीच्या ताकदीपेक्षा त्या दिवशी कोण अधिक चांगला खेळला, याचा हा निकाल आहे. २०२० पासून जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून एकच जागतिक पद्धत सुरू झाली. तिच्यात शेवटच्या वीस खेळींपैकी उत्तम आठ धरून सरासरी काढतात, मैदान किती अवघड आहे तेही हिशेबात घेतात. कमाल हँडिकॅप चोपन्न. म्हणजे अगदी नवशिक्यालाही हिशेबात जागा आहे.

याच वृत्तीतून आणखी एक शोध लागला. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबातले सभासद डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे शल्यवैद्य होते. समुद्रावरच्या वाऱ्याने एखाद्या होलवर दहा-बारा फटके गेले की सामान्य खेळाडूचा सगळा दिवस फुकट जातो, हे ते पाहत होते. त्यांनी फटक्यांऐवजी गुण देण्याची पद्धत काढली. ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण केला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, कमी लागला तर तीन. फारच वाट लागली तर शून्य. चेंडू उचला आणि पुढे चला. मे १९३२ मध्ये वॉलसीला या पद्धतीने स्पर्धा झाली आणि आज जगभरच्या क्लबांची शनिवारची गाडी तिच्यावर चालते. परीक्षेत एका विषयात गटांगळी खाल्ली म्हणून सबंध वर्ष बुडू नये, असे आपल्यालाही वाटतेच की!

शेजारच्या गावाशी सामना

हंगामाचा खरा जीव मात्र सांघिक सामन्यांत असतो. एरवी एकट्याने खेळायचा हा खेळ इथे अचानक गावाचा होतो. एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. जोड्या लागतात, आणि प्रत्येक जोडीत एकूण फटके न मोजता होल जिंकणे-हरणे मोजले जाते. तीन होलांची आघाडी आहे आणि खेळायचे दोनच उरले आहेत, की सामना तिथेच संपला. निकाल लिहायचा ‘तीन आणि दोन’. हँडिकॅपचे सामने असतील तर बलवान खेळाडूने दुबळ्याला सवलतीचे फटके द्यायचे, तेही कार्डावर अवघड म्हणून नोंदलेल्या होलांवर.

यातली खुबी अशी की, क्लबाच्या अव्वल खेळाडूने मिळवलेला गुण आणि शेवटच्या जोडीतल्या थकल्याभागल्या निवृत्त मास्तरांनी मिळवलेला गुण यांची किंमत सारखीच. बरोबरी झालेली असते, शेवटची जोडी अठराव्या होलकडे येत असते आणि सगळा क्लब काठाशी उभा असतो. अशा वेळी चार फुटांवरून चेंडू गलीत घालायचा म्हणजे काय, हे मास्तरांनाच विचारावे.

‘फोरसम्स’ नावाचा एक प्रकार आहे. दोघांत एकच चेंडू आणि आळीपाळीने फटके. जोडीदाराने चेंडू झुडपात घातला की तो बाहेर काढण्याची पाळी तुमची. त्यात एक अलिखित संकेत आहे: ‘सॉरी’ म्हणायचे नाही. मुद्दाम कुणी झुडपात घालत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. संसाराचा मंत्र म्हणून हा संकेत वाईट नाही.

स्वतःविरुद्धची साक्ष

या सगळ्या डोलाऱ्याचा आधार कोणता? क्लबाच्या स्पर्धेत बरोबर पंच चालत नाही. कित्येक एकरांवर माणसे पांगलेली असतात; झाडीत गेलेला चेंडू कुणी बुटाच्या टोकाने सरकवला तर पाहणारा कोण? फटक्यांची नोंद सोबतचा खेळाडू ठेवतो, अखेरीला दोघे सह्या करतात. सही झाली की संपले. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे विचेन्झोने सतराव्या होलवर तीन फटके मारले होते, ते लाखो लोकांनी पाहिले. सोबत्याने चुकून चार लिहिले आणि दे विचेन्झोने न तपासता सही केली. सहीच प्रमाण धरली गेली आणि एका फटक्याने विजेतेपदासाठीची जादा फेरी खेळण्याची त्याची संधी गेली.

उलट उदाहरण बॉबी जोन्सचे. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत गवतातला चेंडू आपल्याकडून किंचित हलला, असे त्याने स्वतःहून सांगितले. दुसऱ्या कुणीही ते पाहिले नव्हते. एक दंडाचा फटका त्याने स्वतःला लावून घेतला, अखेरीस बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला. लोक कौतुक करू लागले तेव्हा तो वैतागला. बँक लुटली नाही म्हणून कुणाची पाठ थोपटतात का, असा त्याचा रोख होता.

अर्थात सगळेच जोन्स नसतात. मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप वाढवून ठेवायचा आणि मोठ्या बक्षिसाच्या दिवशी मैदान मारायचे, अशी बिलंदर मंडळी प्रत्येक क्लबात असतात. इंग्रजांनी त्यांना ‘बँडिट’, म्हणजे दरोडेखोर, असे नाव दिले आहे. हँडिकॅप समिती त्यांच्यावर डोळा ठेवते, पण मुख्य धाक असतो तो बारमधल्या कुजबुजीचा. सवलत खऱ्या गरजेपुरतीच घ्यावी, हे नियमाने पुरते साधत नाही. ते माणसाला स्वतःला वाटावे लागते.

कुंपणाबाहेर

इथवर वाचून वाटेल की ही तर समतेची शाळाच. मैदानावर तशी ती आहेही. पण ज्या लीथच्या मंडळींनी १७४४ चे नियम लिहिले, त्यांचाच वारसा चालवणारा क्लब आज म्युरफिल्ड येथे आहे, आणि २०१७ पर्यंत त्याने स्त्रियांना सभासद करून घेतले नव्हते. २०१६ मध्ये मतदान झाले, दोन तृतीयांश मते पडली नाहीत. त्यानंतर ब्रिटिश ओपनच्या आयोजकांनी या मैदानावर स्पर्धा भरवणार नाही, असे जाहीर केले. पुढच्या वर्षी मत फिरले! सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबाचा दरवाजा उघडला तो २०१४ मध्ये. गंमत म्हणजे देशभर एकसारखा हँडिकॅप लावण्याचे अवघड काम पुरुषांच्या आधी तडीस नेले ते १८९३ साली स्थापन झालेल्या महिला गोल्फ संघटनेने. समतेचे गणित सोडवणाऱ्याच दाराबाहेर!

कष्टकऱ्यांचीही तीच कथा. इंग्लंडमध्ये ‘आर्टिझन’ म्हणजे कारागीरांचे वेगळे क्लब असत. त्यांनी मैदानाची डागडुजी करायची आणि बदल्यात भल्या पहाटे किंवा संध्याकाळी खेळायचे. मुख्य क्लबगृहात पाऊल टाकायचे नाही. त्यांच्यातूनच जे. एच. टेलर पुढे आला. कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या टेलरने ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली. सेंट अँड्र्यूजचे सुप्रसिद्ध जुने मैदान मात्र सार्वजनिक जमिनीवर आहे, कोणत्याही क्लबाच्या मालकीचे नाही. तिथे रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन त्यावर फिरतात. तिथल्या सुतार-गवंड्यांनी १८४३ मध्येच आपला क्लब काढला. जमीन गावाची असली की फाटकाला अर्थ उरत नाही, हे त्या गावाने दाखवून दिले.

आपल्याकडे हा खेळ आला तो फाटकासकट. १८२९ मध्ये कलकत्त्याला स्थापन झालेला क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. त्यानंतर मुंबईसह ठिकठिकाणी क्लब निघाले, पण सामान्य भारतीयाला आत प्रवेश मिळे तो पिशवी वाहण्यापुरता. साहेब गेला, फाटक राहिले. मात्र सोमवारी अनेक क्लबांत सभासदांचा खेळ बंद असतो आणि कॅडींना खेळायची मुभा मिळते. या उसन्या सोमवारांनी काय दिले पाहा. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला आणि १९९३ मध्ये ती त्याने पुन्हा जिंकली. रॉयल कलकत्त्यात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली.

हे दोघे कुणाच्या सवलतीने जिंकले नाहीत. पण त्यांच्यासारखे किती पोरगे पिशव्या वाहता वाहता म्हातारे झाले, याची नोंद कोणत्याही सोनेरी फलकावर नाही. गोल्फच्या कार्डावर नाव, हँडिकॅप, अठरा आकडे आणि दोन सह्या एवढ्यालाच जागा असते. बापाचा धंदा लिहायला तिथे रकाना नाही. तो रकाना असतो सभासदत्वाच्या अर्जात, आणि तो अर्ज फाटकापाशीच भरावा लागतो.