गाडी तापते, पण कधी?

आजचा विषय आहे भरलेल्या ट्रकचं इंजिन तापण्याचा. खंबाटकी असो, कसारा असो की कर्नाटकातला शिराडी घाट, काटा लाल पट्ट्याकडे सरकला की ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. मग कुणी सांगतं रेडिएटर बदला, कुणी सांगतं थर्मोस्टॅट काढून टाका, कुणी थेट हेड खोलायला बसतं. पैसे जातात आणि पुढच्या खेपेला गाडी पुन्हा तापते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा: गाडी तापते, पण नेमकी कधी?

त्याआधी जिवाची गोष्ट. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकणाने सुमारे एक बार दाब धरला की ते १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, त्याच क्षणी वाफ होते आणि उकळतं पाणी अंगावर उडतं. काटा चढला आणि पाणी जागेवर असेल, तर गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये काही मिनिटं इंजिन चालू ठेवा. पाणी फिरत राहतं आणि उष्णता निघून जाते. मात्र पाइप फुटला असेल, पट्टा तुटला असेल किंवा पाणीच संपलं असेल, तर इंजिन लगेच बंद करा. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. चढावर इंजिन पूर्ण जोर लावतं, पण गाडी मात्र रांगत असते. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त आणि समोरून येणारा वारा सगळ्यात कमी. घाट तुम्हाला एवढंच सांगतो की काहीतरी कमी पडतंय. काय कमी पडतंय, हे सपाट रस्ता सांगतो.

सपाट रस्त्यावर वेगात काटा ठीक, पण ट्रॅफिकमध्ये आणि चढावर तापते? संशय पंख्यावर. इंजिन बंद करून, चावी काढून, गरम असतानाच पंखा हाताने फिरवून बघा. व्हिस्कस क्लचचा पंखा गरम असताना जड फिरायला हवा. मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला. पट्ट्याने चालणारा पंखा असेल तर पट्टा सैल आहे का, घासून चकचकीत झालाय का, तेही बघा.

सपाट रस्त्यावरही लोड घेऊन वेगात तापते? मग रेडिएटर किंवा पाण्याचा प्रवाह. आधी बाहेरून बघा. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत धूळ, भुसा, किडे साचतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण वारा आत जातच नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. मग रेस देऊन खालचा होज पाइप बघा. तो आत चेपत असेल तर पंपाला पाणी मिळत नाही. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर नळ्यांमध्ये क्षार धरलेला असणार.

इथेच थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला येतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता तिथूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. बिघडला असेल तर बदला, पण काढून टाकू नका.

आता सगळ्यात महागडी चूक. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं, आणि निदान होतं 'हेड गॅसकेट गेलं'. असू शकतं. पण ट्रकमध्ये आणखी एक संशयित असतो: ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर. बऱ्याच ट्रकांत त्याचं हेडही इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. त्याचं गॅसकेट फुटलं किंवा हेडला तडा गेला, तर दाबाची हवा थेट पाण्यात शिरते. लक्षण अगदी तेच.

ओळखायचं कसं? इंजिन थंड असताना झाकण काढून ते चालू करा, पण चेहरा आणि हात लांब ठेवा आणि पाणी तापण्याआधी तपासणी संपवा. टाकीत हवा भरत असताना बुडबुडे येतात आणि टाकी भरून फुस्स आवाज झाला की कमी होतात? मग बोट कॉम्प्रेसरकडे. टाकी भरल्यावरही बुडबुडे तसेच, आणि रेस दिली की वाढतात? मग हेड गॅसकेटचा संशय पक्का होतो. बुडबुडे नाहीत, बाहेर गळती नाही, तरी पाणी कमी होतं आणि धूर पांढरा येतो? बीएस-४, बीएस-६ गाड्यांमध्ये ईजीआर कूलरही तपासून घ्या.

तेव्हा गॅरेजला जाताना 'गाडी तापते' एवढंच सांगू नका. चढावर की सपाटीवर, भरलेली की रिकामी, किती किलोमीटरनंतर, पाणी किती कमी झालं, हे वहीत लिहून न्या. या चार ओळींवरून मेकॅनिकला कळतं की आधी कुठे हात घालायचा, आणि गरज नसताना हेड खोललं जात नाही.