सुधारित मत्स्यबीज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आदिलाबाद जिल्ह्यात सातनाल्यासारखे जलाशय आणि गावोगावचे तलाव यांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. तेलंगण सरकारने २०१६-१७ मध्ये ती मोफत वाटायला सुरुवात केली. ‘सुधारित’ बीज म्हटले की त्यात परके जनुक घातले आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या मदतीने गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतले आणि हॅचरीतले रोहू एकत्र आणून, जोमाने वाढणारे तेवढे निवडून वंश वाढवला. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, त्याला ‘जयंती’ नाव मिळाले. चांगला वळू राखण्याचीच ही रीत.

परके जनुक घातलेला मासा म्हणजे अमेरिकेने २०१५ मध्ये मंजूर केलेला सामन. तो खाल्ल्याने माणसाची जनुके बदलतात, ही भीतीही निराधार. कोणत्याही अन्नातले जनुकद्रव्य पोटात पचूनच जाते.

‘जनुकांत हात घातला नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज जास्त महागात पडतो. नैतिकतेचा खरा प्रश्न हॅचरीत आहे. मोजक्याच नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे बीज काढले की जवळच्या नात्यातला संकर होतो आणि वाढ खुंटते. श्रम आणि प्रजननासाठी द्यायच्या इंजेक्शनचा खर्च वाचवायला एकाच गोल टाकीत कटला आणि रोहू सोडले की संकरित पिल्ले निपजतात. मत्स्यजिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, असताना ती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. भोई ‘कटला’ म्हणून पैसे मोजतो, हाती पडते लहान डोक्याचे भलतेच. शिवाय हे संकर वांझ नसतात. सांडवा वाहिला की ते ओढ्याने पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीत जाऊ शकतात. नदीतला मूळ वंश एकदा मिसळला की निवडीसाठी शुद्ध मासे आणायचे कुठून?

जनुके बदलण्यावर कायदा नाही, हेही खरे नव्हे. जनुक-परिवर्तित जिवांवर १९८९ चे नियम लागू आहेत. २०२२ मध्ये काही जनुक-संपादनाला दिलेली सूट फक्त वनस्पतींपुरती आहे. हॅचरीतले बीज कोणत्या पैदाशीचे, मूळ जोड्या किती, हे मात्र मच्छीमार सोसायट्यांनीच विचारायला हवे.