विष मोजता येईल. पण मोजायचे कोणी?

१९७४ साली पावसाळा सरता सरता राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासीबहुल जिल्ह्यांत अवकाळी पावसाने उभा मका भिजला. ओली कणसे तशीच घरात आली, त्यांच्या भाकरी झाल्या आणि काही आठवड्यांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी साठू लागले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तीच भाकरी खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपासलेल्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीपासून तयार होणारे हे विष. आज तृणधान्यांसाठी आपली कायदेशीर मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. त्या मक्यात ते तिच्या शेकडो पट होते.

इतके मृत्यू एका वेळी होतात तेव्हा सरकार जागे होते. एरवी हे विष थोडे थोडे, वर्षानुवर्षे यकृतात जाते. मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात त्याची गणना होते आणि ‘हिपॅटायटिस बी’ची बाधा असलेल्यांत त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्याला रंग, वास, चव नाही; उकळल्याने ते जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ‘अफ्लाटॉक्सिन एम-१’ मर्यादेपेक्षा अधिक होते. पाण्याच्या भेसळीवरून रान उठवणाऱ्या आपल्या देशात या आकड्याची चर्चा फारशी झाली नाही.

प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफीने हे विष अचूक मोजता येते. पण त्यासाठी महागडे यंत्र, प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो. अहवाल येईपर्यंत माल विकला गेलेला असतो. म्हणून मला जैवसंवेदकांचे, म्हणजे बायोसेन्सरचे, महत्त्व वाटते. मधुमेही घरी वापरतात ते ग्लुकोमीटर हे त्याचेच परिचित रूप. तेथे साखर ओळखणारे विकर असते, येथे अफ्लाटॉक्सिनला नेमके पकडणारे प्रतिपिंड किंवा प्रयोगशाळेत घडवलेला डीएनएचा तुकडा. विष त्याला चिकटले की विद्युतप्रवाहात किंवा प्रकाशात फरक पडतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. साध्या पट्टीवर रंगीत रेघही चालते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ने पंधराएक मिनिटांत निकाल देणारा स्वस्त संच २०१६ मध्येच मांडला होता. तेव्हा तंत्रज्ञानाची वाट पाहत आहोत, हे कारण आता फारसे पटण्यासारखे नाही.

खरी अडचण त्याआधीची आहे. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. हजारो दाणे निर्दोष असतात आणि एकच दाणा साऱ्या पोत्याला पुरेल इतके विष बाळगून असतो. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांनुसार भुईमुगाच्या मोठ्या खेपेतून शंभर ठिकाणांहून मिळून २० किलोंचा नमुना घ्यावा लागतो. मूठभर दाणे घेऊन केलेली चाचणी, संवेदक कितीही तल्लख असला, तरी फसवी ठरते. दळण्याचे यंत्र आणि नमुना घेणारा शिस्तीचा माणूस नसेल तर उपकरण शोभेचेच.

दुसरा प्रश्न पैशांचा. निर्यातीच्या भुईमुगासाठी ‘अपेडा’ने माग काढण्याची व्यवस्था उभारली, कारण युरोपातील ग्राहकाची मर्यादा किलोमागे चार मायक्रोग्रॅम आहे. देशी ग्राहकासाठी अशी निकड कोणाला नाही. सौराष्ट्रातील बाजार समित्यांत शेंग फोडून, दाणा दाताखाली धरून भाव ठरताना मी पाहिले आहे. उद्या तेथे आडत्याच्या हाती संवेदक आला तर? दूषित ढीग बाजूला निघणार नाही. त्याचा भाव पडेल आणि तो स्वस्तात घाण्याला जाईल. शुद्धीकरण केलेल्या तेलात विष जवळपास उरत नाही, ते पेंडीत राहते. (लाकडी घाण्याच्या न गाळलेल्या तेलाचे सध्या जे कौतुक चालते, त्यातील ग्राहकांनी हा ‘जवळपास’ शब्दही लक्षात ठेवावा, कारण शुद्धीकरण तेथे होतच नाही.) पेंड गव्हाणीत जाते आणि दिवसभरातच विषाचा काही अंश ‘एम-१’ होऊन दुधात उतरतो. तोटा शेतकऱ्याचा, विष मुलाच्या पेल्यात.

म्हणून चाचणी सर्वप्रथम तेथे हवी जेथे खरेदीदार सरकार आहे. ‘नाफेड’ हमीभावाने भुईमूग घेते तेव्हा ओलावा, काडीकचरा, सुरकुतलेले दाणे पाहिले जातात. विष पाहिले जात नाही. ते पाहावे, मात्र ढीग नाकारण्यासाठी नव्हे. दूषित मालही ठरलेल्या भावाने घेऊन शुद्धीकरण कारखान्याकडे वळवावा आणि त्याची पेंड पशुखाद्याऐवजी खतात जाईल अशी नोंद ठेवावी. भार सरकारी तिजोरीवर पडेल. तो पडायलाच हवा, कारण शेतकऱ्याला शिक्षा होणार असेल तर नमुना देण्याआधीच तो ढीग दुसरीकडे नेईल. दूध संघांनी पशुखाद्य कारखान्याच्या दारात, पेंडीच्या प्रत्येक ट्रकवर, हीच चाचणी लावावी. आणि गावपातळीवर संवेदकाआधी ओलावा मोजणारे साधे यंत्र व ताडपत्री पोहोचवावी. नीट वाळलेल्या शेंगेत साठवणीतली बुरशी वाढत नाही.

सौराष्ट्रात नव्या भुईमुगाची आवक दिवाळीच्या सुमारास वाढते. खरेदीच्या निकषांचा कागद त्याआधी निघतो. त्यात ओलाव्याच्या रकान्याखाली आणखी एक रकाना घालायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही.