तोल शिकण्याला वयाची अट नाही

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज कोथरूडमध्ये राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांनी लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारीत तोल साधला आहे. त्यांच्या नातवंडांपैकी कित्येकांना मात्र कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांवरील रहदारीमुळे कोणी सायकल हाती दिलीच नाही. शाळेच्या बसमधून आणि रिक्षातून वाढलेली ही मुले उच्च शिक्षणासाठी नेदरलँड्ससारख्या देशात जातात, तेव्हा तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी प्रथमच सायकल शिकण्याची वेळ त्यांच्यावर येते. त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. विद्यापीठ, बाजार, दवाखाना, सारे काही सायकलीच्या अंतरावर.

अशा वेळी इकडे घरी काळजी सुरू होते. “पडलीस तर? बसनेच जात जा,” असे आजी-आजोबा फोनवर सांगतात. त्यामागे माया असते. परंतु शिकणाऱ्याच्या मनात आधीच असलेली भीती या शब्दांनी दुणावते.

प्रौढांना अवघड का वाटते?

सायकलचा तोल नुसत्या ताकदीने सांभाळला जात नाही. ती ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की चाके पुन्हा शरीराखाली येतात. डोळे, कानाच्या आतील भागातील तोलाचे इंद्रिय आणि स्नायू यांच्याकडून आलेल्या संदेशांची सांगड मेंदू घालतो. सरावाने हे काम नकळत होऊ लागते. लहान मूल पडण्याचा विचार करीत नाही. प्रौढ व्यक्ती तो करते, अंग आखडून घेते, हँडल घट्ट धरते आणि त्यामुळेच तोल जातो. म्हणजे अडचण वयापेक्षा भीतीची अधिक असते.

सोपी पद्धत

दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि दोन्ही पायडले काढून ठेवावीत. (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे काम दुकानातून करून घेणे बरे.) मोकळ्या, सपाट जागी पायांनी जमीन ढकलत पुढे जावे. नजर चाकाकडे नव्हे, समोर दूर ठेवावी. पाय उचलून काही अंतर सहज घरंगळता येऊ लागले की पायडले पुन्हा बसवावीत. परदेशी गेलेल्यांनी आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते, वळताना हाताने खूण करावी लागते आणि रात्री दिवे लावावेच लागतात. तेथील कित्येक सायकलींचा ब्रेक पायडल उलटे फिरवल्यावर लागतो. त्याचीही सवय करावी. सक्ती नसली तरी हेल्मेट घालणे हिताचे.

ज्येष्ठांसाठी

रशियन साहित्यिक टॉलस्टॉय वयाच्या 67व्या वर्षी सायकल शिकले. तथापि त्यांचे अनुकरण करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हाडांचा ठिसूळपणा, चक्कर, मंद दृष्टी, गुडघा वा खुब्याची शस्त्रक्रिया, तसेच उठताना रक्तदाब उतरवणारी औषधे यांपैकी काहीही असल्यास रस्त्यावरील सायकल टाळलेली बरी. घरातील स्थिर सायकल त्यांना अधिक सुरक्षित. शरीराचा बराचसा भार सीटवर येत असल्याने गुडघ्यांवर ताण कमी पडतो आणि मांडीचे स्नायू बळकट होतात. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीटची उंची ठेवावी आणि सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करावी. चढता-उतरताना काळजी घेणाऱ्याने जवळ उभे राहावे. छातीत दुखले, दम लागला वा गरगरले तर तत्काळ थांबावे.

परदेशातील नातवंडाचा पुढचा फोन येईल, तेव्हा “जपून” या शब्दाबरोबर एक प्रश्नही विचारावा: “आज पाय न टेकता किती दूर गेलीस?” स्वतः हाफ पायडलवर शिकलेल्या आजोबांच्या तोंडून तो आला, तर शिकणाऱ्याला त्याचे बळ अधिक वाटेल.